मिरची, दालचिनी, व्हॅनिला घातलेली इम्पीरियल स्टाउट चाखायची कशी?

आधी मला विचारलेला प्रश्न थोडक्यात, विचारणाऱ्याच्या तोंडून सांगतो. भाच्याने फ्लोरिडाहून येताना काळ्या बिअरच्या दोन बाटल्या आणल्या. लेबलवर ‘इम्पीरियल स्टाउट’, अल्कोहोल ११ टक्के आणि खाली यादी: कोको निब्ज (कोकोच्या बियांचे तुकडे), व्हॅनिला, दालचिनी, अँचो मिरची. एक बाटली फ्रीजमधून काढली, लगेच उघडली, मगमध्ये ओतली. पहिल्या घोटाला सोया सॉस आठवला, मग घसा चरचरला. घरातल्या एकीने नुसता वास घेतला आणि म्हणाली, “हा तर गरम मसाला.” बाटली खराब होती का, की तिची चवच अशी? आणि उरलेली बाटली नीट कशी चाखायची?

मी चौदा वर्षं पुण्यात बिअर बनवतोय आणि स्पर्धांच्या परीक्षणालाही बसतो. या जातीच्या बिअरवर माझा फार जीव आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

बाटली बहुतेक चांगलीच होती, तिला वेळ मिळाला नाही. फ्रीजमध्ये तापमान ४ अंशांच्या आसपास असतं. त्या गारठ्यात अशा बिअरचा गोडवा दबतो, सुगंध वर येत नाही आणि कडू, तुरट, करपट एवढंच जिभेला लागतं. त्यात मगमधून मोठे घोट. सोया सॉसची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिच्यात थोडं तथ्य असू शकतं, त्याबद्दल पुढे लिहितो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, अशी बिअर चाखताना लेबलवरची यादी हातात घेऊन एकेक पदार्थ शोधत बसू नका. आधी खालची स्टाउट शोधा. मिरची, दालचिनी, व्हॅनिला हे सगळं तिच्या अंगावर चढवलेलं आहे. स्टाउट सापडली नाही तर बाकीच्या चवी सुट्या सुट्या लागतात आणि “हा तर गरम मसाला” असं वाटणं साहजिक आहे. आमटीत दालचिनी वेगळी लागली तर आपण म्हणतो मसाला कच्चा राहिला. इथेही कसोटी तीच.

तर खाली काय आहे ते बघू. लंडनमध्ये अठराव्या शतकात पोर्टर नावाची काळपट बिअर हमालांपासून सगळ्यांत लोकप्रिय होती. तिचीच जास्त दमदार आवृत्ती म्हणजे स्टाउट. थेम्सच्या दक्षिणेला साउथवर्कमध्ये थ्रेल यांची अँकर ब्रुअरी होती. १७८१ मध्ये ती बार्कले आणि पर्किन्स यांच्याकडे गेली. तिथून रशियाच्या दरबारासाठी, म्हणजे सम्राज्ञी कॅथरीनच्या काळात, खास कडक पोर्टर जायची. ‘इम्पीरियल’ हा शब्द तिथून चिकटला. त्या वेळचा काळेपणा आजच्याइतका गडद नव्हता. १८१७ मध्ये डॅनियल व्हीलरने माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, भाजायच्या फिरत्या पिंपाचं पेटंट घेतलं. कॉफी भाजतात तसं धान्य जवळजवळ कोळसा होईपर्यंत, पण न पेटता, भाजता यायला लागलं. आपण आज स्टाउटची म्हणून जी चव ओळखतो ती त्या यंत्राची देणगी आहे. बिअरच्या परीक्षकांसाठी जी मार्गदर्शिका वापरतात तिच्यात आज इम्पीरियल स्टाउटला ८ ते १२ टक्के अल्कोहोल सांगितलंय. आपल्याकडे बिअरला ८ टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे या प्रकारचं खरं वजन इथे बनलेल्या बाटलीत सहसा भेटत नाही, परदेशातून येणाऱ्या पाहुण्यांच्या बॅगेत भेटतं.

भाजलेल्या धान्याची चव ओळखायला मराठी माणसाला परका कोश लागत नाही. आपल्याकडे खमंग, खरपूस आणि करपट या तीन पायऱ्या वेगवेगळ्या आहेत. थालीपिठाची भाजणी भाजताना गॅस मंद ठेवून हलवत राहिलं की आधी खमंग वास सुटतो, रंग बदलला की तो खरपूस होतो आणि लक्ष दुसरीकडे गेलं की करपट. चांगली इम्पीरियल स्टाउट खरपुसाच्या अगदी टोकावर उभी असते, करपटाला स्पर्श करून मागे येते. त्याच्या मागोमाग काकवी, काळ्या मनुका, खजूर, कडू चॉकलेट, कधी चिंचेसारखा बारीक आंबटपणा. भाजलेलं माल्ट मुळातच किंचित आम्ल असतं, म्हणून तो आंबटपणा दोष नव्हे. मी परीक्षणाच्या कागदावर इंग्रजीत लिहितो, पण डोक्यात शब्द येतात ते हेच, आणि ते जास्त नेमके आहेत. काकवी आणि गूळ यांतला फरक ज्याच्या नाकाला कळतो त्याला माल्टमधला फरक समजायला फार वेळ लागत नाही.

आता वर घातलेल्या गोष्टी. कोको, व्हॅनिला आणि मिरची या तिन्ही वस्तू मूळच्या अमेरिका खंडातल्या. माया आणि ॲझटेक लोक कोकोचं पेय मिरची, व्हॅनिला घालून पीत, गोड न करता. अमेरिकेतल्या छोट्या ब्रुअरींनी ही जोडी स्टाउटमध्ये आणली आणि तिला वर दालचिनीची जोड दिली. फ्लोरिडातल्या टॅम्पाच्या सिगार सिटी ब्रुइंगची हुनाहपूज हे यातलं मोठं नाव. हुनाहपू हा माया कथांमधल्या जुळ्या वीरांपैकी एक. या बिअरमध्ये कोको निब्ज, व्हॅनिला, दालचिनी, अँचो आणि पासिया मिरची असते, अल्कोहोल ११ टक्क्यांच्या घरात. साउथ कॅरोलायनाच्या वेस्टब्रुकची मेक्सिकन केक याच घराण्यातली, पण तिच्यात हबानेरो मिरची, म्हणजे तिखटाचा मामला वेगळाच. सेंट लुइसच्या पेरेनियलची ॲब्रॅक्सस मला या तिघींत जास्त शांत वाटते. तुमच्या बाटलीवरची यादी याच वळणाची आहे.

अँचो म्हणजे पोब्लानो मिरची पिकवून वाळवलेली. तिखटापेक्षा तिच्यात मनुकेसारखा, थोडा तंबाखूच्या पानासारखा वास जास्त. आपल्या ब्याडगीची आठवण ठेवा: रंग आणि वास भरपूर, जाळ बेताचा. मिरची पोर्तुगीजांबरोबर गोव्यात उतरली आणि आपल्या स्वयंपाकात इतकी मुरली की ती बाहेरची आहे हे सांगावं लागतं. त्यामुळे बाटलीतली सुकी मिरची ओळखताना आपलं नाक अमेरिकन परीक्षकापेक्षा एक पाऊल पुढे असतं, हे मी टेबलावर अनेकदा पाहिलंय. त्यांना ‘मिरची’ एवढंच कळतं तिथे आपल्याला मिरची भाजून घातली की कच्चीच, बियांसकट की बिया काढून, हेही कळतं.

तयारीला फार काही लागत नाही. बिअरचा मग नको, ब्रँडीचा पोट असलेला ग्लास हवा. नसेल तर वाइनचा ग्लास चालेल, तोंड आत वळलेलं असलं म्हणजे झालं. त्यात ६० ते ९० मिलीच ओता. बाटली फ्रीजमधून अर्धा तास आधी काढा, एप्रिल-मेमध्ये पंधरा मिनिटं पुरतात. १० ते १३ अंशांवर सुरुवात करायची. तोंडातली आधीची चव पुसायला कोमट पाणी आणि साधा पाव किंवा ज्वारीच्या भाकरीचा तुकडा. चिवडा, फरसाण, शेव समोर ठेवू नका. हिंग आणि हळद जिभेवर बसली की तासभर उठत नाहीत. उदबत्ती लावलेली असेल तर दुसऱ्या खोलीत बसा. आणि हात साबणाने धुतल्यावर साबणाचा वास जाईपर्यंत थांबा, कारण ग्लास त्याच हातात नाकाशी येणार आहे.

टेबलावर चार वाट्या ठेवा: दालचिनीचा तुकडा, साखर नसलेली कोको पावडर, कोमट पाण्यात भिजवलेली ब्याडगी आणि व्हॅनिलाचे दोन थेंब टाकलेलं चमचाभर दूध. चाखायचं नाही, फक्त हुंगायचं. एकेक वाटी हुंगून मधे स्वतःच्या कोपराच्या घडीचा वास घ्यायचा. नाकाला आपलाच वास सवयीचा असल्यामुळे ते ताळ्यावर येतं. मग बिअरकडे जायचं.

ओतताना ग्लास तिरका धरा आणि सावकाश ओता. फेस कॉफीच्या रंगाचा येईल आणि लवकर बसेल. अनेक जण इथे फसतात, फेस बसला म्हणजे बिअर शिळी असं समजतात. कोको निब्जचं निम्मं वजन तर चरबीचंच असतं. ती चरबी थोडीफार उतरते, वर अल्कोहोल जास्त, त्यामुळे फेस टिकत नाही. ग्लास उजेडासमोर धरला तर कडेला लालसर तपकिरी रेघ दिसेल किंवा अजिबात दिसणार नाही. रूपाला परीक्षणाच्या पन्नास गुणांत फक्त तीन गुण आहेत, मीही त्याच्यावर वेळ घालवत नाही.

वास मात्र बारा गुणांचा, आणि माझ्या मते त्याहून जास्तीचा. ग्लासात नाक खुपसू नका, अल्कोहोलची वाफ नाकाला बधिर करते. हनुवटीच्या खाली ग्लास धरून दोन छोटे श्वास. मग ओठांच्या उंचीवर दोन. मग तळहाताने ग्लास झाकून दोन-तीन वेळा गोल फिरवायचा, हात काढायचा आणि एकच श्वास घ्यायचा. काय आठवलं ते लगेच कागदावर लिहा, शेजारच्याशी बोलायच्या आधी. एकाने “व्हॅनिला” म्हटलं की टेबलावरच्या सगळ्यांना व्हॅनिला येते. हा मानवी स्वभाव आहे. म्हणून परीक्षणाला आम्ही कागद भरून होईपर्यंत तोंड उघडत नाही.

पहिला घोट अगदी लहान, चमचाभर. तो नोंदीसाठी धरायचाच नाही, जिभेला ओळख करून द्यायला आहे. दुसरा घोट तोंडात सगळीकडे फिरवून गिळा आणि गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. खरी चव तिथे, घशाच्या मागून नाकात जाते. अमुक चव “जिभेवर आली” असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा ती तिथून आलेली असते. मग घड्याळाकडे बघा आणि तीस सेकंद काहीही पिऊ नका.

ते तीस सेकंद या बिअरचा सगळ्यात रंजक भाग आहे, कारण तुमच्या घशाच्या चरचरण्याचं उत्तर तिथे मिळतं. अशा बिअरमध्ये चार प्रकारची चरचर असू शकते आणि त्या एकत्र आल्या की ‘जळजळ’ एवढंच कळतं. त्यांना वेगळं करायचं ते वेळेवरून. पहिली टोचणी बुडबुड्यांची. ती तोंडात घेताक्षणी, जिभेच्या टोकाला, आणि ग्लास फिरवून वायू घालवला की कमी होते. दुसरी अल्कोहोलची: गिळताना घशात ऊब, ती खाली छातीपर्यंत जाते आणि पाच-सहा सेकंदांत विरते. तिसरी दालचिनीची, टोचरी आणि कोरडी, जिभेच्या कडांना. दालचिनीची काडी चघळल्यावर जिभेवर जो खडबडीतपणा येतो तसा. मिरची सगळ्यात शेवटी येते. दहा-पंधरा सेकंद काहीच नसतं, मग पडजिभेच्या आसपास हलकी धग चढायला लागते आणि पुढच्या घोटाला ती आधीच्या धगीवर बसते. तिसऱ्या-चौथ्या घोटाला तिची खरी पातळी समजते. म्हणून पहिल्या घोटावर “तिखट नाही” किंवा “फार तिखट” असा निकाल देण्यात अर्थ नसतो.

अल्कोहोल आणि मिरची यांची गल्लत होण्याला कारणही आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन ज्या ग्राहीला (संवेदना टिपणाऱ्या पेशींवरच्या प्रथिनाला) जाऊन भिडतं त्याला टीआरपीव्ही१ म्हणतात. डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये तो शोधला आणि २०२१ च्या नोबेलमध्ये त्या कामाचा मान झाला. हा ग्राही मुळात उष्णता ओळखण्यासाठी आहे, साधारण ४२ अंशांच्या वर तो ‘भाजलं’ असा निरोप पाठवतो. अल्कोहोल असलं की तो उंबरा ३४ अंशांच्या आसपास उतरतो, म्हणजे आपल्या शरीराच्या तापमानाच्याही खाली. म्हणून कडक दारू गार असली तरी घशात गरम लागते. मिरची आणि अल्कोहोल एकाच दारावर थाप मारतात. ११ टक्क्यांच्या बिअरमधली थोडीशी अँचोसुद्धा त्यामुळे जास्त वाटते. पाण्याने ती जात नाही, कॅप्सेसिन पाण्यात विरघळतच नाही. चमचाभर दूध किंवा दही घ्या, मग दोन मिनिटं थांबून पुन्हा चाखा.

तुम्ही मोठा घोट, गार बिअर, घाई अशा अवस्थेत होता. चारही चरचरी एकाच वेळी आल्या असणार.

गरम मसाल्याच्या वासाचं उलगडणं सोपं आहे. भाजका वास आणि दालचिनी एकत्र आली की आपल्या डोक्यात मसाल्याचा डबा उघडतो. त्यात काहींना लवंगही येते, आणि लेबलवर लवंग नसते. लवंगेचा वास ज्या युजेनॉलमुळे येतो ते दालचिनीतही थोडं असतं आणि बिअर ओकच्या बॅरलमध्ये मुरवली असेल तर लाकडातूनही येतं. तुमच्या लेबलवर बॅरलचा उल्लेख असेल तर ओल्या खोबऱ्याचा वासही शोधून पाहा, तोही ओकचाच. बॅरलचा हा नाद शिकागोच्या गूस आयलंडने १९९० च्या दशकात बर्बन व्हिस्कीच्या पिंपात स्टाउट मुरवून रुजवला.

आता सोया सॉस. ही खूण मी गंभीरपणे घेतो. यीस्टच्या पेशी बिअरमध्ये फार काळ राहिल्या की मरून फुटतात आणि मांसाच्या रश्श्यासारखी, सोया सॉससारखी खारट-उमामी चव सोडतात. बिअरला उष्णता लागली, हवा लागली, तर ते आणखी लवकर होतं. गडद, जड बिअरमध्ये वयानुसार याची एखादी छटा येतेच आणि काकवी-मनुकेच्या गर्दीत ती वाईटही लागत नाही. दोष तेव्हा, जेव्हा ती सगळ्यांच्या पुढे उभी राहते, विशेषतः सोबत ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास असेल तर. तपासायचं असं: ग्लास वीस मिनिटं तसाच ठेवा. बिअर गरम होत गेली की चॉकलेट, व्हॅनिला वर आले आणि सोया मागे सरला तर बिअर ठीक, फक्त गार होती. वीस मिनिटांनंतरही सोयाच पुढे, बाकी सगळं सपाट, तर बाटली थकलेली आहे. बाटलीवर भरल्याची तारीख असेल तर ती बघा. विमानात सामानाच्या कप्प्यातले काही तास फारसे बाधत नाहीत, पण गाडीच्या डिकीत किंवा स्वयंपाकघराच्या माळ्यावर महिनाभर पडून राहणं बाधतं.

ढोबळी मिरचीचा कच्चा हिरवा वास आला तर तोही तपासा. अँचोत तो नसतो. कॉफी घातलेल्या स्टाउटमध्ये कॉफी जुनी झाली की तो येतो आणि लोक त्याला मिरचीच समजतात. तुमच्या यादीत कॉफी नाही, त्यामुळे आला तर मिरची कच्ची पडली असं समजा. तसंच ताकासारखा तीव्र आंबटपणा, पातळपणा आणि झाकण उघडताच फेसाचा उसळा, ही जंतूंची खूण. ११ टक्क्यांत जंतू कुठून, असं वाटेल. पण गूस आयलंडच्या २०१५ सालच्या बर्बन काउंटी या बिअरच्या काही प्रकारांत लॅक्टोबॅसिलसची एक जात वाढली होती, कंपनीने पैसे परत केले आणि पुढच्या वर्षापासून पाश्चरायझेशन सुरू केलं. ती बिअर तर याहून कडक असते.

चवीचा तोल म्हणजे काय ते मला माझ्याच एका बॅचने शिकवलं. आठ टक्क्यांची स्टाउट होती, वीस लिटरची चाचणी बॅच. आंबवण पूर्ण होऊन टाकी गार केल्यावर मी तिच्यात कोको, बिया काढून तव्यावर परतलेल्या चार ब्याडगी मिरच्या आणि दालचिनीच्या तीन काड्या सोडल्या. दुसऱ्या दिवशीचा नमुना सुंदर होता. ब्याडगीचा वास कोकोच्या आतून येत होता, दालचिनी नुसती झुळूक. तेव्हाच काड्या काढायला हव्या होत्या. मला वाटलं अजून थोडं मुरू दे. सहाव्या दिवशी नळ उघडला तर ग्लासात दालचिनीशिवाय काही नव्हतं. साल चघळल्यासारखं तोंड कोरडं पडलं, चॉकलेट गायब, आणि ज्या स्टाउटवर मी महिनाभर मेहनत घेतली होती ती कुठेच नव्हती. वाईट वाटलं. बाजारात दालचिनी म्हणून जी जाड, एकेरी वळलेली साल मिळते ती बहुधा कॅशिया असते, तिचा जोर जास्त. श्रीलंकेची दालचिनी पातळ, कागदाच्या सुरळीसारखी, थर थर असलेली, आणि बोलायला मऊ. मी त्या बॅचमध्ये साधी स्टाउट निम्म्याला निम्मी मिसळली आणि मगच चव पुन्हा उभी राहिली. त्या दिवसापासून मी दालचिनी अठ्ठेचाळीस तासांच्या वर ठेवत नाही, आणि दर बारा तासांनी नमुना काढून साध्या स्टाउटच्या ग्लासाशेजारी ठेवतो.

शेजारी साधी स्टाउट ठेवायची युक्ती घरीही करण्यासारखी आहे. गिनेस मिळत असेल तर छोटा ग्लास भरून बाजूला ठेवा. ती ४.२ टक्क्यांची, अंगाने बरीच हलकी, पण भाजक्या धान्याची चव तीच. तिचा एक घोट, मग तुमच्या बिअरचा. दोन्हींत जे समान लागलं ती खालची स्टाउट. जे फक्त दुसऱ्यात आलं ते वरचं. हे तीन-चार वेळा केलं की यादी न बघताही पदार्थ आपापल्या जागी दिसायला लागतात.

मग ग्लास घेऊन सावकाश बसा. ही बिअर तासभर बदलत राहते. सुरुवातीला १० अंशांवर मला कोको आणि करपटाची कड मिळते. १४-१५ ला व्हॅनिला उघडते, तोंडात बिअर साईसारखी दाट वाटू लागते, काकवी येते. १८ च्या पुढे अल्कोहोल नाकात जाणवतं, मिरचीची धग वाढते, आणि बिअर घाईत बनवलेली असेल तर इथेच उघडी पडते: गोडवा चिकट होतो आणि मसाले सुटे होतात. चांगली बनलेली असेल तर याच टप्प्यावर सगळं एकजीव होतं, घोट गिळल्यावर मिनिटभराने तोंडात राहतं ते भाजकं धान्य, आणि त्याच्या कडेला ऊब. परीक्षकांच्या नियमातही मसाला घातलेल्या बिअरमध्ये मूळ बिअर ओळखू यावी आणि मसाल्याशी तिचा तोल असावा अशीच अपेक्षा आहे. हल्ली लॅक्टोज आणि सरबतं ओतून केकसारख्या गोड केलेल्या स्टाउट बऱ्याच निघतात. मला त्या पटत नाहीत. दोन घोटांनंतर त्यांत शोधायला काही उरत नाही. लॅक्टोज ही दुधाची साखर, यीस्ट तिला खाऊ शकत नाही, म्हणून ती तशीच राहते. घरात कुणाला दूध पचत नसेल तर लेबल त्या दृष्टीनेही वाचा.

प्रमाणाचंही सांगतो. ३३० मिलीच्या ११ टक्के बाटलीत ३६ मिली शुद्ध अल्कोहोल असतं, म्हणजे व्हिस्कीचे जवळपास तीन छोटे पेग. बाटली ६५० मिलीची असेल तर साडेपाच. बिअर म्हणून हातात घेतली तरी हिशोब पेगचाच ठेवा, चार-पाच जणांत वाटा, आणि त्या रात्री गाडीला हात लावू नका.

सोबत काही खायचं तर नोंदी झाल्यावर. चॉकलेट केक नको, त्याच्या गोडव्यापुढे बिअर कडू आणि पातळ लागते. मला खारे भाजलेले बदाम आवडतात, आणि शेंगदाण्याची चिक्की. चिक्कीतला गूळ काकवीशी जुळतो आणि दाण्याचा खरपूसपणा माल्टशी. तिखट जेवण अजिबात नको.

तुमची दुसरी बाटली ठेवून द्यायची का? अशा बिअर वर्षानुवर्षं सुधारतात असं सांगितलं जातं. साध्या इम्पीरियल स्टाउटच्या बाबतीत ते खरं आहे. मसाले घातलेलीचं तसं नाही. व्हॅनिला आणि मिरचीचा वास वेळ जाईल तसा ओसरतो, दालचिनी मात्र चिवट असते, त्यामुळे दोन वर्षांनी उघडलीत तर ज्या तोलासाठी ती बनवली तो मिळणार नाही. त्यातून पहिल्या बाटलीत सोया आलाय. ही ठेवू नका. फ्रीजमध्ये उभी ठेवा, आडवी नको, म्हणजे गाळ तळाशी बसेल. येत्या दोन-तीन आठवड्यांत एखाद्या निवांत संध्याकाळी चौघांना बोलवा, अर्धा तास आधी बाहेर काढा आणि ओतताना तळाची दोन बोटं बाटलीतच राहू द्या. गरम मसाला ओळखणाऱ्या त्या बाईंना पहिला ग्लास द्या आणि यादी त्यांना दाखवू नका. त्यांचं नाक चांगलं आहे.